बहिणीच्या नावाची साडी

मच्छिंद्रने उभ्या जन्मात एकदाच साडी विकत घेतली होती, आणि जिच्यासाठी घेतली तिच्या अंगावर ती पडलीच नाही. त्यानंतर कापडाच्या दुकानाची पायरी तो चढला नव्हता. दिवाळीला आईसाठी लुगडं आणायचं झालं तर शेजारणीच्या हातात पैसे ठेवायचा आणि ‘तुमीच बघा, मला त्यातलं काय कळतंय’ म्हणून मोकळा व्हायचा.

कळत नव्हतं हे खरंच. पुणतांब्यात त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ती त्याच्या दारात आणून टाकतात, आणि तो आतली जळकी तांब्याची तार ओढून काढून नवी भरतो. बोटांना कायम वॉर्निशचा वास, आणि टोकं अशी खरखरीत की सदऱ्याचं बटण लावतानाही कापड ओढलं जातं. स्वभावही फार गुळगुळीत नाही. कुणी घाई केली की ‘मग घिऊन जा दुसरीकडं’ म्हणतो. माणूस खरोखरच मोटार उचलायला वाकला की ‘ठिव हितंच, सांच्याला ये’ म्हणून गुरगुरतो आणि जेवण मागे ठेवून ती भरून देतो.

वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. मागे आई बनुबाई आणि धाकटी बहीण पंकजा. त्याने शाळा सोडली आणि बहिणीला शिकू दिलं. संगमनेरला दूध संघात नोकरीला असलेल्या सुनीलशी तिचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं आज बघू, उद्या बघू करता करता केस पिकले. त्याची खंत त्याला नव्हती असं नाही, पण बोलून दाखवणाऱ्यांतला तो नव्हता. घरात मायलेकरं दोघंच, आणि दोघंही एकमेकांवर ओरडून बोलणारी, त्यामुळे घर भरलेलं वाटायचं.

त्याचे कपडे पंकजा बघायची. भाऊबीजेला आली की ओवाळायच्या आधी ती पिशवीतून शर्ट काढायची आणि त्याच्या पाठीला लावून बाह्यांचं माप बघायची. “दादा, जरा हस की रं, फोटोतल्यावानी काय हुबा ऱ्हातो?” असं दर वर्षी म्हणायची. तो हसायचा नाही. पण तो शर्ट पुढच्या भाऊबीजेपर्यंत अंगावरून उतरायचा नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत पंकजाला नगरला दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं कापड माहेरचं पडतं. भावाने आणलेली हिरवी साडी तिला घालतात आणि मगच उचलतात. ते पडलं नाही तर बाई माहेरावाचून गेली, उघडी गेली, असं जुनी माणसं मानतात. निरोप आला तेव्हा सगळीकडे कुलपं होती. मच्छिंद्रने ओळखीच्या एका दुकानदाराला हाका मारून उठवलं, त्याने अर्धं शटर वर केलं, आणि हाताला लागली ती हिरवी साडी घेऊन मच्छिंद्र नगरला पोचला. स्मशानाच्या फाटकावरच्या माणसाने हात जोडले. मयत बांधून, चिकटपट्ट्या लावून आली होती, ती उघडता येत नव्हती. साडी आत टाका म्हटलं तर तेही त्याच्या हातात नव्हतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? दिवसभर तो लोकांपुढे हातच जोडत होता. मच्छिंद्र साडी घेऊन माघारी आला आणि घरी न जाता गोदावरीत उतरून ती पाण्यात सोडली.

बनुबाईने सगळं ऐकून घेतलं. “पान्यात सोडलं म्हंजी तिच्या अंगावर पडलं न्हाई,” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून घरात दोघांचं ओरडून बोलणं बंद झालं.

दोन वर्षांनी सुनीलने दुसरं लग्न केलं. शेजारच्या अकोले तालुक्यातली पूजा नावाची बाई, नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नसलेली. सुनीलचं काही चुकलं असं मच्छिंद्रला वाटलं नाही. घरात वयात आलेली पोर, स्वयंपाकाला बाई नाही, माणसाने करायचं काय? पण डोक्याने पटलेलं मनाला पटतंच असं नाही. त्याने संगमनेरला जाणं सोडलं. बनुबाई तर स्पष्टच बोलायची. “माजी लेक उघडी गेली, अन् हितं दुसरीच्या अंगावर सनासुदीला नवी लुगडी. त्या घरचं पानी मला नगं.” भाची सृष्टी सुट्टीत आजोळी यायची, तीही बोलता बोलता ‘मावशी’ म्हणून पूजाचं नाव घ्यायची आणि आजीचं तोंड बघून गप्प व्हायची.

मग सृष्टीचं लग्न ठरलं. मुलगा सोनईचा, ओंकार नावाचा, शेती आणि ठिबकचं दुकान सांभाळणारा. नवरी मांडवात येते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, आणि मंगलाष्टका चालू असताना मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. मामावाचून नवरी बोहल्यावर चढत नाही. त्यामुळे सृष्टीने फोन केला. “मामा, बस्त्याला तू यायचंस. साडी तूच निवडायची, दुसऱ्या कुणी निवडलेली मला चालणार नाही. आणि आजीला आण.”

आता खरी अडचण पुढे होती. मामा बस्त्यात दोन साड्या घेतो. एक नवरीची, दुसरी नवरीच्या आईची, म्हणजे आपल्या बहिणीची. भाऊ बहिणीला तिच्या लेकीच्या लग्नात कापड घालतो, ती नेसून ती मांडवात मिरवते. ही दुसरी साडी कुणाला?

बनुबाईने निघतानाच दारात उभं राहून निकाल दिला. “नातीची घ्यायची अन् माघारी फिरायचं. त्या बाईला आपलं कापड न्हाई. माज्या लेकीला मिळालं न्हाई ते हिला?”

“व्हय,” मच्छिंद्र म्हणाला. आईच्या धाकाने म्हणाला असं नाही. त्यालाही तसंच वाटत होतं. पूजाला साडी दिली म्हणजे पंकजाची जागा भरली, हिशोब मिटला, आता तिचं नाव काढायची गरज नाही, असं होईल याची त्याला भीती होती. बहीण गेली तेव्हा तो रडला नव्हता. तिची जागा मोकळी ठेवणं एवढंच त्याला तिच्यासाठी करता येत होतं.

संगमनेरच्या त्या दुकानात बस्त्याची गर्दी होती. पांढऱ्या गादीवर एका बाजूला सोनईच्या बायका, दुसऱ्या बाजूला सुनीलचं घर. साड्या दाखवायला गनीभाई बसले होते. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. साडी नुसती उलगडून दाखवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते उठून उभे राहायचे, निऱ्या कमरेला धरून पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचे आणि गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे वळायचे. लग्नघरच्या नवख्या पोरी पहिल्यांदा हसायच्या, मग साडीच बघायला लागायच्या.

शालू सोनईच्या बायकांनी पसंत केला, त्याच्या घडीला हळदीकुंकू लागलं. मग गनीभाईंनी मान वळवली. “मामा कोण? या मामा, पुढं सरका. आता तुमचा मान.”

मच्छिंद्र सरकला. त्याच्यापुढे पिवळ्या साड्यांचा ढीग पडला. हळदीची, झेंडूची, हरभऱ्याच्या डाळीची, पिकल्या लिंबाची, एवढे पिवळे असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याने एका साडीला हात लावला तर बोटाला धागा अडकला. घाईने हात मागे घेऊन त्याने विचारलं, “हिचा रंग कितपत टिकंल?”

“मामा, साडी हाय, मोटार न्हाई,” गनीभाई म्हणाले. सृष्टी खळखळून हसली. मच्छिंद्रने तिच्याकडे बघितलं. पोर बापासारखी उंच झाली होती, रंगाने आजीसारखी सावळी. पंकजा तिच्यात कुठे दिसते का हे तो शोधत होता, आणि हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला गेला तेव्हा ती दिसली. मग त्याने फार वेळ लावला नाही. लाल काठाची, झेंडूच्या रंगाची साडी दाखवून म्हणाला, “ही. सावळ्या अंगाला ही खुलंल.” बरोबर आहे की नाही हे त्याला खरंच माहीत नव्हतं. पण सृष्टीने ती अंगाला लावली आणि सोनईच्या बायकाही मान डोलवायला लागल्या. बनुबाईने पदराने डोळे टिपले आणि पिशवी हातात घेतली. तिच्या हिशोबाने काम संपलं होतं.

गनीभाईंनी ती साडी बाजूला ठेवली, हात झटकले आणि रोज विचारतात तसंच, काही मनात न ठेवता विचारलं.

“नवरीची झाली. आता मामा, बहिणीची दाखवू का?”

सुनील खाली बघायला लागला. सृष्टीने मामाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. तिने काही मागितलं नाही, पण ती कशासाठी बघते आहे हे मच्छिंद्रला कळलं. ‘बहीण’ हा शब्द कित्येक दिवसांत कुणी त्याच्यासमोर असा साधेपणाने उच्चारला नव्हता, जशी काही ती बाहेर चपला काढून आत येतेच आहे. हो म्हणावं तर आई शेजारी, नाही म्हणावं तर भाची समोर, आणि दोन्ही म्हटलं तरी पंकजा कुठेच नाही.

त्याची सुटका पूजानेच केली. ती मागे, भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिने एकाही साडीला हात लावला नव्हता. “न्हाई चाचा,” ती गनीभाईंना म्हणाली, “मामांची एकच हाय. ती झाली.” आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. “तुमी आहेराच्या काढा तवर. मी पानी पिऊन येते.” उठता उठता ती समोर पसरलेल्या साड्या ओलांडाव्या लागू नयेत म्हणून वाकली आणि बाजूला सारायला लागली. तेव्हा मंगळसूत्राच्या आतून एक गोष्ट बाहेर लोंबली. काळ्या दोऱ्यात ओवलेला, बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती.

मच्छिंद्रला ते काय आहे कळलं नाही. बनुबाईला कळलं. म्हातारीने हात पुढे करून पूजाचं मनगट धरलं.

“हा टाक कुनाचा?”

पूजा जिथल्या तिथे बसली. “ताईंचा.”

“कुन्या ताईंचा?”

“सृष्टीच्या आईंचा.” चूक पकडली गेल्यासारखी ती भराभर सांगायला लागली. “लग्न ठरलं तवा आमच्या आईनं करून घातला. आमच्याकडं पद्धत हाय. पहिली बाई गेलेल्या घरात दुसरी आली की तिनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. मी कुनाला दाखवत न्हाई, तुमाला वाईट वाटलं आसंल तर…”

“आमच्याकडं बी हुती पद्धत,” बनुबाई तिला अडवत म्हणाली. “माज्या आजीच्या गळ्यात सवतीचा टाक हुता. आता कोन घालतंय? अन् कापडाचं? नवं कापड आलं की काय करतीस?”

“आधी टाकाला लावायचं. पहिली घडी ताईंची. त्यांचं नेसून झालं म्हनायचं, मग आपुन नेसायचं.”

“दिवाळीचं?”

“दिवाळीचं, पाडव्याचं. परवा घरात वापरायला एक सुती आनली, ती बी.”

बनुबाईने तो टाक दोन बोटांत धरला. आकृतीला नाक नव्हतं की डोळे नव्हते, नुसता डोक्यावरचा पदर तेवढा उठलेला होता. त्या पदरावरून ती अंगठा फिरवत राहिली. इतकी वर्षं ज्या बाईच्या नव्या लुगड्यांवरून तिने बोल लावले होते, त्यातलं एकही लुगडं त्या बाईने आधी स्वतःच्या अंगाला लावलं नव्हतं. म्हातारीचं तोंड वाकडं झालं आणि लहान पोराने विचारावं तसं तिने विचारलं, “म्हंजी माजी लेक उघडी न्हाई व्हय गं?”

“न्हाई आई,” पूजा म्हणाली. “एक दिस बी न्हाई.”

सोनईच्या एका बाईने पदर डोळ्याला लावला. सुनील उठून दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मच्छिंद्रला आधी लाज वाटली. घरी आलेल्या मोटारवाल्यालाही तो बस म्हणायचा, चहा पाजायचा. या बाईला त्याने कधी राम राम केला नव्हता. तो बहिणीची जागा मोकळी ठेवायची म्हणून राखण करत बसला होता, आणि ही त्या जागेत बसून तिला रोज आपल्याआधी वाढत होती. मग लाजेच्या मागून इतक्या वर्षांचं रडू आलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला नाही. भर दुकानात, लोकांच्या बस्त्यात, पिकल्या केसांचा तो माणूस हुंदके देऊन रडला. गनीभाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण केली.

पाणी पिऊन तो म्हणाला, “गनीभाई, बहिणीची दाखवा.”

त्याने आईकडे बघितलं नाही. तिच्या हातातली पिशवी तिने खाली ठेवली होती.

“कोणत्या रंगात दाखवू?” गनीभाईंनी पूजाला विचारलं.

“माझं काय,” पूजा संकोचून म्हणाली आणि पहिल्यांदाच थेट मच्छिंद्रकडे बघत तिने विचारलं, “दादा, ताईंना कंचा रंग आवडायचा?”

पंकजाचा आवाज मच्छिंद्रला आठवत होता. तिचं रागावणं, ओवाळताना ताट धरायची पद्धत, कपाळावरचा कांजण्यांचा व्रण, सगळं आठवत होतं. पण तिच्या अंगावर कोणत्या रंगाची साडी असायची ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना. ती त्याचे खांदे मोजायची, त्याला कोणता रंग शोभतो ते ठरवायची, आणि त्याने तिच्या साडीकडे कधी बघितलंच नव्हतं. एकदाच घेतली तीही हाताला लागली ती. हे कळणं त्याला त्या फाटकावरून माघारी फिरण्याहून जड गेलं.

“मला ठावं न्हाई,” तो म्हणाला. “मी भाऊ आसून मला ठावं न्हाई.”

“जांभळा,” पूजा हळूच म्हणाली. “त्यांच्या कपाटात निम्म्याच्या वर जांभळ्याच हायेत. उन्हाळ्यात मी ऊन देती त्यांना, म्हनून ठावं. तुमाला इचारलं ते खात्री करायला.”

“मंग जांभळीच.”

गनीभाईंनी जांभळ्या साड्या काढल्या. या वेळी त्यांनी एकही स्वतःच्या खांद्यावर टाकली नाही. घड्या नुसत्या समोर मांडल्या आणि मागे सरकून बसले. मच्छिंद्रने एकेक साडी हातात घेऊन बघितली, नीट, काठ उलटा करून, पदर उजेडाला धरून. त्याने भरपूर वेळ लावला आणि कुणी त्याला घाई केली नाही. शेवटी पिकल्या जांभळाच्या रंगाची, बारीक सोनेरी काठाची एक त्याने बाजूला काढली.

“ही बघ,” तो पूजाला म्हणाला. अहोजाहो त्याच्या तोंडी आलंच नाही. “पदर कर.”

पूजाने पदर पसरला. त्याने दोन्ही हातांनी साडी त्यात ठेवली. भावाने ठेवलेलं कापड तिने आधी कपाळाला लावलं. मग इकडे तिकडे न बघता, घरी करत असेल तसंच, गळ्यातला काळा दोरा ओढून तो टाक वर काढला आणि घडीचं एक टोक उलगडून त्याच्यावर पांघरलं.

साडीखाली तो इवलासा पत्रा दिसेनासा झाला. मच्छिंद्र बघत होता. बनुबाई बघत होती. पूजा डोळे मिटून होती, बहुतेक मनातल्या मनात काही म्हणत असावी.

मग बनुबाई गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकली. तिने दोन्ही हातांनी ती साडी टाकावरून अलगद उचलली, पूजाच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाली, “तिचं झालं. आता तू नेस, पोरी.”